छोट्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला दुसरी लेन्स कोणती घ्यावी? नवख्यांसाठी एकेक पायरी

कॅमेऱ्यासोबत आलेली ४० मिमीची लेन्स लावून मी आज्जीचा भाकरी थापतानाचा फोटो काढायला गेलो, तर भिंतीला पाठ लागली तरी चूल काही फ्रेममधी येईना. आमचं गावाकडचं घर माळवदाचं, रेणापूर तालुक्यात, स्वैपाकाची खोली जेमतेम दहा बाय दहा फूट आणि माळवदातल्या झरोक्यातून पडतो तेवढाच उजेड. मला आज्जी, परात, चूल आणि वरून येणारा तो उजेडाचा झोत असं सगळं एकात पाहिजे होतं. आज्जी आली, परात आली, चूल अर्धी कापली गेली, झोत तर आलाच नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की दुसरी लेन्स मला कशासाठी पाहिजे.

हे आधी सांगण्याचं कारण म्हणजे बरेच जण कॅमेरा हातात आल्या आल्या विचारायलेत, कोणती लेन्स घेऊ, भारी कोणती. भारी कोणती हा प्रश्न नंतरचा आहे. आहे त्या लेन्सवर चार-पाच रोल काढा आणि कुठं अडलं ते एका वहीत लिहा: "मागं सरकायला जागा नव्हती", "जवळ जाता आलं नाही", "उजेड कमी पडला". तीन प्रकारची अडचण, तीन वेगळी उत्तरं. जी ओळ वहीत जास्त वेळा येईल तिचं उत्तर हीच तुमची लेन्स, बाकी काही बघू नका.

आधी बघा, लेन्स निघते का

रेंजफाइंडर म्हणजे बाजूच्या खिडकीतून बघून, तिथं दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा कॅमेरा. आपल्याकडं जुन्या कपाटातून जे रेंजफाइंडर निघतात त्यातले पुष्कळसे याशिका इलेक्ट्रो ३५ नाहीतर कॅनोनेट. फार चांगले कॅमेरे आहेत पण त्यांची लेन्स बॉडीतच बसवलेली असते, ती निघत नाही, जोर लावून फिरवू नका. याशिकासाठी पुढून स्क्रूनं लावायच्या जोड-लेन्सा मिळायच्या, एक टेली (लांबचं जवळ दाखवणारी) एक वाइड (जास्त रुंदी घेणारी), पण त्यानं मूळची ४५ मिमी टेलीवर साधारण ५८ आणि वाइडवर साधारण ३८ होते, म्हणजे फरक दोन पावलांचा. कुणी फुकट दिली तर लावा, विकत घ्यायला जाऊ नका.

लेन्स बदलता येणारे छोटे रेंजफाइंडर म्हणजे लायका सीएल (१९७३ चा, बनवला मिनोल्टानं जपानात), त्यानंतरचा मिनोल्टा सीएलई, आणि २००० पासून कोसिनानं व्होइग्टलँडर नावानं काढलेले बेसा. एक सावधगिरी, लायकानं २०१७ मधी सीएल याच नावाचा डिजिटल कॅमेरा काढला, तो रेंजफाइंडर नाही आणि त्याचा माउंटही वेगळा. ऑनलाइन शोधताना दोन्ही एकात एक मिसळून येतात, फोटो नीट बघून घ्या. माझा जुना सीएल आहे, म्हणून खाली उदाहरणं त्याचीच जास्त येतील.

माउंट, म्हणजे लेन्स बसती कशी

दोन प्रकार. एक स्क्रूचा, ३९ मिमी व्यासाचा, बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवायचा. पहिला बेसा आर, जुने कॅनन, सोव्हिएत झोर्की आणि फेड हे सगळे त्यातले. दुसरा लायकाचा एम बायोनेट, थोडं फिरवलं की खटकन बसतो. सीएल, सीएलई आणि बेसाची आर२ पासूनची मॉडेलं यात. (आर२एस आणि आर२सी या दोन सोडून, त्यांचे माउंट निराळे.)

स्क्रूची लेन्स एम बॉडीवर बसते, मधी एक चपटी रिंग लावायची. ही रिंग का चालते ते समजून घ्या म्हणजे स्वस्तातली का घेऊ नये तेही कळेल. स्क्रूच्या कॅमेऱ्यात माउंटपासून फिल्मपर्यंत अंतर २८.८ मिमी, एम मधी २७.८, म्हणजे रिंग बरोबर १ मिमी जाड पाहिजे. ती थोडी जरी कमी-जास्त झाली तरी रेंजफाइंडरमधी दोन प्रतिमा अगदी जुळलेल्या दिसतील आणि फोटो मात्र मऊ येईल, मग तुम्ही बिचाऱ्या लेन्सला दोष देत बसाल. उलटं मात्र होत नाही, एमची लेन्स स्क्रूच्या बॉडीवर बसत नाही. आणि रिंग घेताना फोकल लेन्थ (लेन्सचा मिमीचा आकडा) सांगून घ्या, कारण फाइंडरमधी, म्हणजे बघायच्या खिडकीत, कोणती चौकट यावी हे ती रिंगच ठरवते: २८ आणि ९० ची एक रिंग, ३५ आणि १३५ ची एक, ५० आणि ७५ ची एक.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते पुढं. ३९ मिमीचा तोच स्क्रू जुन्या झेनिट एसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) लेन्सांनाही आहे आणि डार्करूममधल्या एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्सांनाही. त्या तुमच्या कॅमेऱ्यावर छान बसतील सुद्धा, पण रेंजफाइंडरशी त्यांचा काही संबंध नाही, फोकस जुळणारच नाही. ओळखायची खूण अशी की लेन्स उलटी करा, रेंजफाइंडरच्या लेन्सला मागं एक धातूची कडा किंवा जीभ असते आणि फोकस फिरवला की ती मागं-पुढं सरकते, तीच बॉडीतल्या चाकाला ढकलते. विकणाऱ्याला मागच्या बाजूचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

फाइंडरमधल्या चौकटी

एसएलआरमधी लेन्समधूनच बघायचं असतं त्यामुळं काहीही लावा, दिसतंच. आपल्या कॅमेऱ्यात तसं नाही, आपण बाजूच्या एका खिडकीतून बघतो आणि त्यात आखलेल्या चौकटीवरून फोटो कुठवर येईल ते समजतं. ज्या फोकल लेन्थची चौकट नाही ती लेन्स लावली तर आडाख्यानं काम. सीएलमधी ४०, ५०, ९० आहेत. सीएलई मधी २८, ४०, ९०. बेसा आर मधी ३५, ५०, ७५, ९०. बेसा आर४ मधी २१ पासून ५० पर्यंत. तर दुसरी लेन्स निवडताना पहिली यादी तुमच्या कॅमेऱ्यानंच तुम्हाला करून दिलेली आहे, तिच्यातूनच निवडा.

चौकट नसली तर वर फ्लॅशच्या जागी बसवायचा वेगळा फाइंडर मिळतो. मी २८ साठी तेच करतो, एका खिडकीतून फोकस, दुसरीतून चौकट. सवय होते, पण एक लक्षात ठेवा, तो फाइंडर लेन्सच्या बराच वर असतो, म्हणून एक-दीड मीटरवरचं काढताना डोक्यावर जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर फेटा कापला जातो.

कोणत्या लेन्सला किती मावतं, एक साधं गणित

हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. फिल्मची फ्रेम ३६ मिमी रुंद. ३६ ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा, आणि तुम्ही जितक्या मीटरवर उभे आहात त्यानं गुणा, तेवढे मीटर रुंदी फोटोत येते. उंचीसाठी ३६ च्या जागी २४ घ्या.

आता आज्जीची खोली. भिंतीला पाठ लावून आज्जी २ मीटरवर. ४० ची लेन्स: रुंदी १.८ मीटर, उंची १.२ मीटर. बसलेलं माणूस आणि परात यात आली, संपलं. २८ ची लेन्स: रुंदी जवळजवळ २.६ मीटर, उंची १.७. चूलही आली आणि झोतही आला. ३५ ची घेतली असती तर रुंदी दोन मीटरच्या जरा वर, म्हणजे ४० पेक्षा वीतभर जास्त. म्हणून ज्याच्याकडं ४० आहे त्यानं ३५ घेण्यात अर्थ नाही आणि ५० घेण्यातही फारसा नाही, हे माझं मत पक्कं झालं. ५० वाल्यानं मात्र ३५ खुशाल घ्यावी. ३५ चं एक सोपं आहे, ३६ भागिले ३५ म्हणजे जवळपास एक, जितक्या मीटरवर उभे तितके मीटर रुंदी, डोक्यात हिशोब लागत नाही.

असंच वेरूळला. सोळा नंबरच्या कैलास लेण्याच्या अंगणात खांब, हत्ती, देवळाची भिंत सगळं एकमेकाला इतकं खेटून आहे की मागं सरकावं तर मागं कातळच. तिथं २८ पाहिजे. (मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा, बाहेरगावावरून येणार असाल तर आधी वार बघा.) २८ नं वर मान करून काढलं की खांब आत झुकलेले येतात हे मात्र आहे. कॅमेरा सरळ धरा, खालची जमीन जास्त येईल ती येऊ द्या, किंवा समोरच्या वरच्या मजल्यावरून काढा.

लांबची लेन्स: ९०, त्याच्यापुढं नको

हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात सौदा चालू असतो तेव्हा दोन माणसं टॉवेलाखाली हात घालून बोटांवर भाव ठरवतात. त्यांच्या तोंडासमोर जाऊन कॅमेरा धरला की सौदा थांबतो, आणि तो थांबवायचा आपल्याला काय अधिकार. ४ मीटरवरून ९० नं १.६ मीटर रुंदी मिळते, दोन माणसं आणि मधला टॉवेल, बरोबर. आधी मान हलवून विचारतो, ते हो म्हणले की तिथंच उभा राहतो. त्या फोटोंसाठी माझी ९० कायम पिशवीत असते.

पण जायकवाडीचे पक्षी वगैरे डोक्यात असेल तर रेंजफाइंडर त्यासाठी नाही. कारण सांगतो. रेंजफाइंडर अंतर मोजतो ते दोन खिडक्यांमधल्या अंतरावरून, आपले दोन डोळे मोजतात तसंच. खिडक्या जितक्या लांब आणि फाइंडरमधलं चित्र जितकं मोठं तितकी मोजणी बारीक. सीएलमधी खिडक्यांचं अंतर ३१.५ मिमी आणि चित्र ०.६ पट, म्हणजे गुणाकार साधारण १९ मिमी. बेसा आरचा २५, सीएलईचा २९ च्या आसपास, आणि मोठ्या लायका एम३ चा साठच्या वर. छोटा कॅमेरा खिशात मावतो त्याची ही किंमत आहे. म्हणून लायकानं सीएलसाठी ९० ची एलमार-सी काढली ती एफ ४ ची, एफ २ ची नाही. (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, उजेड जास्त, पण फोकसमधी येणारी जागा कमी.) ९० एफ २ ची कुणी स्वस्तात देतोय म्हणून सीएलवर लावाल तर पूर्ण उघडल्यावर डोळ्यावर फोकस केला आणि कानावर गेला असं होईल. ५० एफ १.४ सुद्धा सीएलवर जोखमीचीच. एफ २ पर्यंत ठीक.

एफ १.४ लागते का खरंच

आपल्याकडं उजेडाची कमी नाही. एप्रिल-मेच्या दुपारी ४०० ची फिल्म (आकडा जितका मोठा तितका उजेड कमी लागतो) असेल तर १/५०० सेकंदाला एफ १६. सीएलचं शटर १/१००० च्या वर जात नाही, तिथंही एफ ११. १०० ची फिल्म टाकली तरी १/१००० ला एफ ५.६ पर्यंतच उघडता येतं. म्हणजे उन्हात एफ १.४ असली काय आणि एफ २.८ असली काय, वापरता येणारच नाही. मोठ्या तोंडाची लेन्स जड, फाइंडरचा कोपरा झाकते, आणि किमतीत तर विचारू नका. बाहेरच्या कामाला २८ एफ २.८ किंवा ३५ एफ २.५ भरपूर झाली, व्होइग्टलँडरची ३५ एफ २.५ कलर-स्कोपार अशी छोटी लेन्स आहे की कॅमेरा जॅकेटच्या खिशात जातो.

मात्र तुमच्या वहीत "उजेड कमी पडला" जास्त वेळा असेल, म्हणजे जुने वाडे, देवळाचा गाभारा, अजिंठ्यासारखी लेणी जिथं फ्लॅश मारता येत नाही, तर एक एफ २ किंवा एफ १.४ जवळ असू द्या, पण ती मधल्या फोकल लेन्थची, ४० किंवा ५० (सीएलवर ५० घेतली तर एफ २ चीच). कोसिनाची ४० एफ १.४ नॉक्टन आहे, सीएलसोबतची ४० एफ २ समिक्रॉन-सी किंवा मिनोल्टाची एम-रोकोर आहे. रेंजफाइंडरला आरसा नसतो, झटका बसत नाही, त्यामुळं खांबाला खांदा टेकून, अर्धा श्वास सोडून मी १/१५ ला काढतो आणि बरेचसे चांगले येतात.

सीएलवाल्यांसाठी अजून एक. त्याचं उजेड मोजायचं मीटर शटरच्या पुढं एका छोट्या दांडीवर असतं, ती फिल्म ओढल्यावर वर येते. ज्या लेन्सचा मागचा भाग खूप आत जातो ती दांडीला धडकते. रशियन ज्युपिटर-१२ ची मागची काच तशीच आत घुसलेली आहे, ती सीएलवर लावू नका, आणि घडीच्या लेन्सा लावल्या तरी आत दाबून बंद करू नका. दांडी वाकली की दुरुस्त करणारा माणूस मराठवाड्यात शोधून सापडत नाही, मी शोधलाय.

जुनी लेन्स तपासताना

मी पहिली ९० फोटो बघून घेतली होती, "काच एकदम स्वच्छ" असं लिहिलं होतं. आली तेव्हा खिडकीकडं धरली, खरंच स्वच्छ. मग रात्री मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मारला आणि आतल्या काचेवर दूध सांडल्यासारखा पातळ पडदा. उन्हाकडं तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका. परत घ्यायला तो तयार झाला नाही. तेव्हापासून टॉर्चचा फोटो आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

टॉर्च तिरका धरून पुढून आणि मागून, दोन्हीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, धुकं दिसलं तर आतल्या तेलाची वाफ बसलेली. बारीक धुळीचे चार कण, पुढच्या काचेवर एखादा ओरखडा, यानं काही बिघडत नाही, भाव करायला उलट बरं. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र नको. फोकसची रिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी फिरली पाहिजे, मधीच घट्ट मधीच सैल नको. समुद्राकाठच्या शहरातून आलेली लेन्स असेल तर बुरशीसाठी दोनदा बघा, आपल्याकडची कोरडी हवा त्या बाबतीत चांगली आहे. तरी पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायची.

कमी पैशात सुरुवात करायची तर सोव्हिएत काळातल्या ज्युपिटर-८ ५० एफ २ आणि इंडस्टार-६१ ५५ एफ २.८ या दोन मला आवडतात. त्यातल्या काही आपल्या बॉडीवर जवळच्या अंतराला नीट जुळत नाहीत, म्हणून खालची चाचणी लावूनच ठेवून घ्या.

ऊन आणि धूळ

हे मी कळकळीनं सांगतोय. एसएलआरमधी आरसा शटरला झाकतो. रेंजफाइंडरमधी लेन्स आणि शटर यांच्यामधी काहीच नाही, आणि सीएल, सीएलईचं शटर कापडी आहे. आपण लहानपणी भिंगानं कागद जाळायचो तसंच आपल्या उन्हात लेन्स शटर जाळते. मी एकदा शेतात बांधावर कॅमेरा आडवा ठेवला, झाकण न लावता, तोंड आभाळाकडं. पाच-दहा मिनिटं गेली असतील. पुढच्या रोलवर प्रत्येक फोटोत एकाच जागी पांढरा ठिपका, कापडाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. तेव्हापासून काम नसलं की झाकण, गळ्यात असला की तोंड खाली, आणि अंतर अनंतवर न ठेवता जवळच्या आकड्यावर. बेसाचं शटर धातूचं आहे, तरी सवय हीच ठेवा. झाकणाचा तोटा असा की फाइंडरमधी ते दिसत नाही, झाकण लावूनच रोल संपतो. मी झाकणाला लाल दोरी बांधलीय, ती बोटाला लागते.

लेन्स बदलायची ती सावलीत, वाऱ्याकडं पाठ करून, बॉडीचं तोंड खाली धरून. माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ हवेत तासन् तास असते, तिथं मी लेन्स बदलतच नाही, एकच लावून जातो. २८ लावतो, एफ ८ आणि अंतर ३.३ मीटर, त्यात दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं फोकसमधी येतं, मग रेंजफाइंडरकडं बघायची गरजच नाही. ३५ असेल तर एफ ८ ला ५ मीटर, मग अडीच मीटरपासून पुढं.

नवी लेन्स आली की पहिला रोल

पहिला रोल लग्नात किंवा जत्रेत टाकू नका. अंगणात पाच विटा तिरक्या रांगेत उभ्या करा, प्रत्येक वीट पुढचीपेक्षा वीतभर मागं, प्रत्येकीवर खडूनं आकडा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून मधल्या तिसऱ्या विटेवर फोकस करा, एकदा लेन्सच्या सगळ्यात जवळच्या अंतरावरून, एकदा दोन मीटरवरून. मग लांबच्या टॉवरवर किंवा देवळाच्या कळसावर एक. प्रत्येकाचे दोन-दोन काढा, दुसऱ्या वेळी फोकस मोडून परत जुळवा. हेच सगळं जुन्या लेन्सनंही काढा, त्याच रोलवर.

फिल्म धुऊन आली की भिंगाखाली निगेटिव्ह बघा. तिसरी वीट सगळ्यात स्पष्ट असली तर झालं. नव्या लेन्सनं दुसरी किंवा चौथी स्पष्ट आणि जुनीनं तिसरीच, तर दोष लेन्समधी किंवा रिंगमधी, रिंग बदलून परत बघा. दोन्ही लेन्सांनी एकाच बाजूला चूक दाखवली तर लेन्सा ठीक आहेत, बॉडीचा रेंजफाइंडर सरकलाय, तो आधी जुळवून घ्या आणि तोवर लेन्स परत पाठवू नका.